सहादेवच्या कॅनमधली आई

दर रविवारी मी आईला भेटायला जाते. सुप्याच्या पुढे, राळेगणच्या फाट्याच्या अलीकडे, एका गोठ्याला लागून पत्र्याची खोली आहे, तिथे. खोली सहादेवची. सहादेव गायी भरतो. म्हणजे कुणाची गाय माजावर आली की मोटरसायकलवरून जाऊन तिला चांगल्या वळूचं बीज देऊन येतो. गावात त्याला डॉक्टर म्हणतात आणि मला, खरीखुरी डॉक्टरेट असून, म्याडम म्हणतात. बीजाच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, म्हणून त्याच्याकडे गुडघ्याएवढा ॲल्युमिनियमचा कॅन आहे. त्या कॅनमध्ये, वळूंच्या कांड्यांच्या शेजारी, एका बोटाएवढ्या कुपीत माझी आई आहे. निदान सहादेव आणि मी तसं धरून चाललो आहोत.

मला वेडी ठरवायच्या आधी जरा ऐकून घ्या.

मी नगरजवळच्या एका मेडिकल कॉलेजात पेशी वाढवायचं काम करत होते. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंचा एक थर असतो. दंडातल्या स्नायूसारखा तो आपलं ऐकत नाही. आपण झोपलो, भांडलो, एसटीमागे धावलो, की त्याप्रमाणे तो आपला आपण आवळतो आणि सैलावतो. त्या थरातल्या पेशी शरीराबाहेर काढायच्या, प्लास्टिकच्या डबीत गुलाबी पाण्यावर पोसायच्या आणि त्या कशा वागतात ते बघत बसायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. एक दिवसाआड खाद्य बदलावं लागतं. पेशींना रविवार कळत नाही, पाडवाही कळत नाही. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की मी हेच कारण सांगायचे. कुणी आवडलंच नाही, हे खरं कारण सांगितलं तर लोकांना पटत नाही.

माणसाच्या पेशी यायच्या कुठून, तर बायपासच्या ऑपरेशनमधून. पायातली शीर काढून हृदयावर जोडतात. लागते त्यापेक्षा थोडी जास्तच काढतात आणि उरलेला तुकडा एरवी कचऱ्यात जातो. पेशंटची परवानगी असली तर तो बर्फात घालून आमच्याकडे यायचा. त्याचे बारीक तुकडे करून डबीच्या तळाशी चिकटवायचे आणि वाट बघायची. बरेच दिवस काहीच होत नाही. मग एका सकाळी तुकड्याच्या कडेने लांबट पेशी बाहेर सरकलेल्या दिसतात. पुढे त्या एकमेकींना खेटून वाढतात, आणि डबी भरली की सूक्ष्मदर्शकाखाली नांगरलेल्या रानासारखी तासं दिसतात. मी हे किती वेळा पाहिलं असेल, पण त्या सकाळी माझा चहा गार व्हायचाच.

आमचा प्रश्न साधा होता. हृदयावर जोडलेली ही शीर काही जणांत वर्षानुवर्षं छान चालते आणि काही जणांत आतून बुजते. बुजवणाऱ्या ह्याच पेशी. नव्या जागी त्या आवळायचं-सैलावायचं काम सोडून नुसत्या वाढत सुटतात. कुणाच्या सुटतील, हे आधी सांगता येईल का? आम्हाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

आई भिंगारच्या शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाली तरी घरात नकाशाची काठी हातात असल्यासारखीच वावरायची. तिचं बायपास ठरलं तेव्हा मी घाबरले होते आणि ती चौकशा करत होती.

"उरलेली शीर टाकून देतात ना? मग तू घे की."

"घरच्या माणसाचं घेत नाहीत, आई."

"का? घरच्या माणसाची शीर वेगळी असते?"

कॉलेजच्या समितीने डोकं खाजवून परवानगी दिली. त्या चर्चेपुरती समितीतून मी बाहेर जाऊन बसले होते. तुकडा आला, इतरांसारखा त्यालाही नंबर पडला, सतरा. आईला ते मुळीच आवडलं नाही. नाव का नाही म्हणाली. नियम सांगितला तर म्हणाली, "कैद्यांना नंबर देतात." पण घरी आल्यावर तिला एक खेळ सापडला. मी संध्याकाळी चपला काढत असतानाच आतून आवाज यायचा.

"मी आज कशी होते?"

"पसरलीस. अर्धी डबी भरली."

"अर्धीच? बाकीचे किती भरले?"

"सगळ्यांच्या पुढे आहेस."

"मग ठीक. हातपाय धू."

आणि ती खरंच सगळ्यांच्या पुढे होती. सतरा नंबर वाढायला लागला की आवरायचा नाही. माझी विद्यार्थिनी रुचा तेव्हा नवीन होती, ती म्हणायची, "मॅडम, ह्या पेशी फार हट्टी आहेत." मी म्हणायचे, "मास्तरीण आहेत." आम्ही दोघी हसायचो. पुढे काही वर्षांनी आईच्या छातीत पुन्हा दुखायला लागलं. जोडलेली शीर बुजली होती. डबीत आम्ही ज्याचं कौतुक करत होतो तेच तिच्या छातीत चाललं होतं. ह्यात कुणाचीही चूक नव्हती. डबीतल्या वाढीवरून माणसाचं पुढचं सांगता येत नाही, हे मीच वर्गात शिकवत होते. आई गेली. त्यानंतर मी संध्याकाळी घरी यायचे, चपला काढायचे आणि उगाच थोडा वेळ तिथेच उभी राहायचे.

मी निवृत्त झाले आणि कॉलेजने प्रयोगशाळा बंद केली. तिथे आता विद्यार्थी रबरी पुतळ्यांना सुया टोचायला शिकतात, तेही लागतंच. गोठवलेल्या बाकीच्या सगळ्या कुप्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या. सतरा नंबरची एकच उरली होती. आईने परवानगी देतानाच सांगून ठेवलं होतं, काम झाल्यावर काही राहिलं तर मुलीला द्या. समितीने तेही मान्य केलं. त्यांना वाटलं असावं, निवृत्त बाई एक कुपी नेऊन करणार तरी काय.

पण ठेवायची कुठे? अशी कुपी घरच्या फ्रिजमध्ये टिकत नाही. तिला नायट्रोजनची थंडीच लागते, त्याहून कमी थंडीत पेशी मरतात. आमच्याकडे नायट्रोजन घेऊन येणारी गाडी पुढे पारनेर तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांना जायची. ड्रायव्हर म्हणाला, "सहादेवला विचारा. त्याच्या कॅनमधी लई जागा असती."

मी कुपी घेऊन गेले तेव्हा सहादेव गोठ्यात हात धूत होता. माझ्याच वयाचा, कानात बाळी, बोलणं हळू. मी सगळं समजावलं. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "म्हंजी तुमच्या आईचं हाय ह्यात?"

"आईच्या पायाच्या शिरेतलं."

"जित्तं?"

"गोठलेलं. पण जिवंत."

त्याने हातमोजे घातले, लांब चिमट्याने कुपी एका रिकाम्या नळकांड्यात उभी केली आणि कॅनमध्ये सोडली. पांढरी वाफ बाहेर सांडली. त्याची बायको कडूबाई दारात उभी होती. तिने त्या वाफेला हात जोडले.

तिथपासून माझे रविवार लागले. नगरच्या माळीवाडा स्टँडवरून एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं, चालत वस्तीवर जायचं. सहादेव कॅनचं झाकण काढायचा, आत लाकडी पट्टी बुडवायचा आणि बाहेर काढून हवेत हलवायचा. पट्टीवर जिथपर्यंत पांढरं हिव धरतं तिथपर्यंत आत नायट्रोजन असतो. तो पट्टी माझ्यासमोर धरायचा आणि म्हणायचा, "आजी बऱ्या हायत."

मग चहा. कडूबाईचा चहा म्हणजे दुधात बुडालेली साखर. तिच्याआधीची दोन भावंडं गेली होती, ही तरी जगावी म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. असं तिनेच मला सांगितलं आणि पुढे म्हणाली, "आन बगा, जगले की." त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत, तो सणाला येतो. माझा धाकटा भाऊ अनीश कॅनडात, त्याचा फोन शनिवारी येतो आणि हवामानावर संपतो. सहादेव, कडूबाई आणि मी गोठ्याकडे तोंड करून बसायचो. शेंगा फोडायच्या, कुठल्या गायीला कालवड झाली ते ऐकायचं. परत निघताना कडूबाई पिशवीत काहीतरी कोंबायची, मेथी नाहीतर चार लिंबं. आठवड्यात कुणाशी नीट बोलणं व्हायचं ते तेवढंच. भिंगारच्या घरात मी रेडिओ लावून ठेवत असे, ऐकायला म्हणून नव्हे.

कुपी मी कधीच उघडली नाही. वितळवली की आईच्या पेशी पुन्हा वाढतील, काही आठवडे जगतील आणि मग थकून थांबतील. माणसाच्या पेशी डबीत अमर होत नाहीत. एकच कुपी, म्हणजे एकदाच भेट. ती आज नको, असं म्हणत मी पुढे ढकलत राहिले.

गेल्या दिवाळीत मला डेंग्यू झाला. तीन-चार रविवार चुकले. बरी होऊन गेले तर कडूबाईने माझे हात हातात घेतले आणि सोडेचना. सहादेवने पट्टी बुडवली, हिव दाखवलं आणि म्हणाला, "नायट्रोजन भरपूर हाय." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आजी बऱ्या हायत हे त्याने म्हणणंच सोडलं. मला ते खटकलं, पण आजारातून उठलेल्या बाईशी माणूस जपून बोलतो असं वाटून मी सोडून दिलं.

उन्हाळा लागला तेव्हा रुचाचा फोन आला. ती आता पुण्यात एका संशोधन संस्थेत आहे. म्हणाली, "मॅडम, जिची शीर नंतर बुजली असं नक्की माहीत आहे अशा पेशंटच्या मूळ पेशी कुणाकडेच नाहीत. तुमच्याकडे सतरा आहे ना? मी जूनमध्ये परदेशी जातेय. त्याआधी आणता का? तुम्हीच वाढवा, इथे बसून. मला नुसतं बघू द्या."

फोन ठेवला आणि मी हसले, खूप दिवसांनी. काम होतं. पुन्हा डबी हातात येणार होती. एका सकाळी पेशी तळाला चिकटून लांबट झालेल्या दिसणार होत्या, आणि त्या दिवशी संध्याकाळी मी मनातल्या मनात का होईना, सांगू शकणार होते की आज तू अशी होतीस. ही संधी गेली तर पुन्हा इन्क्युबेटर मला कोण देणार होतं? साठी उलटलेल्या बाईला कुणी देत नाही.

सहादेवला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला.

"नका नेऊ म्याडम. हाय तिथं हाय की."

"अहो, मी त्यांना जगवायला नेतेय."

"तितं न्हाई जगल्या तर?"

मला राग आला. इतकी वर्षं पेशी वाढवल्या त्या काय नुसत्या हवेवर? मी तोडून बोलले. कडूबाई आतून म्हणाली, "जाऊ द्या त्यांला. त्यांची आई हाय." सहादेव मोटरसायकलवर नेतो तो लहान कॅन त्याने भरला, कुपी वाफेतच एकातून दुसऱ्यात सोडली आणि मला फाट्यापर्यंत सोडायला आला. पुण्याची एसटी येईपर्यंत तो कॅनवर हात ठेवून उभा होता.

रुचाच्या प्रयोगशाळेत सगळं चकचकीत. तिने माझ्यासाठी खुर्चीची उंचीसुद्धा बेतून ठेवली होती. पांढरा कोट घातला, हातमोजे चढवले, चिमट्याने कुपी बाहेर काढली आणि उजेडात धरली.

कुपी गोठवताना ती उभी असते. त्यामुळे आतला बर्फ तळाशी बसतो आणि वरून सपाट असतो. ह्या कुपीतला बर्फ एका अंगाला, तिरपा, पार झाकणापर्यंत चढलेला होता. म्हणजे ही कुपी कधीतरी वितळली होती, आडवी पडली होती आणि आडवीच पुन्हा गोठली होती.

रुचालाही दिसलं. तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "करून तर बघू, मॅडम."

केलं. कोमट पाण्यात कुपी फिरवली, खाद्य थेंबाथेंबाने घातलं, सगळं अगदी पुस्तकात असतं तसं. मग एक थेंब घेऊन त्यात निळा रंग घातला. जिवंत पेशी तो रंग आत घेत नाही, मेलेली घेते. सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे निळे ठिपके होते. मी हट्टाने बराच वेळ एखादी पांढरी शोधत राहिले. तरी बाकीच्या पेशी डबीत घालून उबेत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर एकही तळाला चिकटली नव्हती. सगळ्या गोल होऊन तरंगत होत्या, डबी हलवली की हलत होत्या. आईच्या हट्टी पेशी. रुचाने डबी उचलायला हात पुढे केला, मी म्हटलं थांब, मीच टाकते. मी टाकल्या.

रिकामा कॅन मांडीवर घेऊन परत आले. फाटा दिसला, मी उतरले नाही, सुपंही मागे गेलं. उतरले असते तर काय बोलले असते ते मी सबंध वाटेत घोकत होते, आणि ते चांगलं नव्हतं. ह्या माणसाने माझ्याकडून सहा महिने रविवार करवून घेतले. पट्टी दाखवली. नायट्रोजन भरपूर हाय म्हणाला. मेलेल्या कुपीसमोर बसून मी शेंगा फोडल्या.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सकाळी उठायचे, रेडिओ लावायचे, वेणी घालायचे आणि मग कळायचं की कुठेच जायचं नाहीये. रागाने पोट भरतं असं वाटतं, पण ते दोनच दिवस. बुधवारी सहादेवचा फोन आला.

"म्याडम, बऱ्या हाय ना?"

"आहे."

"कॅन न्यायला मी येऊ का?"

"मी आणते," म्हटलं आणि ठेवून दिला. तो पेशींबद्दल काही बोलला नाही. मीही नाही.

त्या दिवशी दुपारी दूध ठेवायला फ्रिज उघडला आणि हात तसाच राहिला. मला कडूबाईचा फ्रिज आठवला. डेंग्यूनंतर पहिल्यांदा गेले त्या रविवारी तिच्या फ्रिजच्या वरच्या दाराला, बर्फाच्या खान्याच्या दाराला, हळदीकुंकू लावलेलं होतं आणि कडेला झेंडूचं फूल खोचलेलं होतं. दिवाळी नुकतीच झाली होती. लोक मोटरसायकलला लावतात, गिरणीला लावतात, तसं हिने फ्रिजला लावलं असेल असं समजून मी मनात हसले होते. पण खालच्या मोठ्या दाराला काहीच नव्हतं. फक्त वरच्या.

नायट्रोजनची गाडी दिवाळीत आली नसणार. कॅन सुकला असणार. त्याच्या स्वतःच्या कांड्या त्याने उकिरड्यावर टाकल्या असणार, कारण त्या वाया गेल्या हे त्याला पक्कं माहीत होतं. माझी कुपीही वाया गेली हे त्याला तितकंच माहीत होतं. तरी त्या दोघांनी ती टाकली नाही. घरातली सगळ्यात थंड जागा शोधून तिथे आईला आडवं निजवलं, दाराला फूल लावलं, आणि गाडी आल्यावर पुन्हा कॅनमध्ये सोडली. मी तापाने फणफणलेली होते. कुणी सांगायचं मला, आणि कसं?

मी ओट्याला टेकून रडले. आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. तेव्हा माणसं आलेली होती आणि चहाचं बघायचं होतं. ह्या वेळी घरात कुणीच नव्हतं. रडता रडता मला स्पष्ट कळलं की गेल्या दोन रविवारी मला आठवण येत होती ती कुपीची नव्हती. मला त्या गोठ्याची आठवण येत होती, त्या अतिगोड चहाची, आणि कुणीतरी माझ्यासमोर पट्टी धरून माझ्या आईची खुशाली सांगतं ह्याची. आता कुपी नाही तर तिथे जायला मला निमित्तही नव्हतं. नुसतं या म्हणायला ती दोघं संकोचणार, नुसतं जायला मी.

प्रयोगशाळा आवरताना आणलेल्या नव्या, रिकाम्या कुप्यांचं एक पाकीट माझ्या कपाटात होतं. त्यातली एक काढली. माठातलं पाणी भरलं. झाकण लावून वर पेनाने लिहिलं, सतरा. आणि फ्रिजमध्ये वरच्या खान्यात ठेवली, मुद्दाम आडवी.

रविवारी कुपी स्टीलच्या डब्यात बर्फाच्या खड्यांमध्ये खुपसली, डबा टॉवेलात गुंडाळला आणि सहादेवचा लहान कॅन दुसऱ्या हातात घेऊन एसटीत चढले. वस्तीवर पोचले तेव्हा कडूबाईने मला लांबूनच बघितलं आणि ती आत गेली. चहा ठेवायलाच गेली असणार. सहादेव गोठ्यातून बाहेर आला. आईच्या मागे लपणाऱ्या मुलासारखा तो खांबाआड अर्धा उभा होता.

"जगल्या का, म्याडम?" त्याने खाली बघूनच विचारलं.

"जगल्या," मी म्हटलं. "वाढल्या. त्यातल्या थोड्या परत ठेवायला आणल्यात."

मी टॉवेल सोडून डबा उघडला. अर्धे खडे वितळले होते. त्या पाण्यात कुपी तरंगत होती. ज्या माणसाने स्वतःहून कधी कांडी क्षणभरसुद्धा नायट्रोजनबाहेर राहू दिली नाही, तो माणूस त्या घरगुती बर्फाकडे बघत राहिला. मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मीही नजर हलवली नाही. म्हटलं, "ठेवता ना?"

तो आत गेला आणि हातमोजे घालून आला. कुपी सदऱ्याच्या टोकाने पुसून कोरडी केली. लांब चिमट्यात धरली, नळकांड्यात उभी केली आणि मोठ्या कॅनमध्ये अगदी हळू सोडली. पांढरी वाफ वर आली आणि पत्र्याच्या खोलीत पसरली. कडूबाई कपबशा घेऊन दारात आली होती. हात मोकळे नव्हते म्हणून तिने नुसती मान लववली.

सहादेव कॅनच्या तोंडावर वाकलेला होता. "ह्या बारीला सुकू न्हाई देनार," तो म्हणाला.

"मला माहितीय," मी म्हटलं.

त्याने लाकडी पट्टी बुडवली, बाहेर काढली आणि हवेत हलवली. हिव वरपर्यंत धरलं. पट्टी माझ्यासमोर धरून तो काही बोलेना. मी वाट बघत उभी राहिले. चपला काढून दारात उभी राहायचे तशीच.

"आजी बऱ्या हायत," सहादेव म्हणाला.

मग आम्ही चहा घेतला.